भाचीचं लग्न: कार्यालय, आचारी, मांडव, फोटोवाला ठरवतानाच्या नोंदी

एसटीच्या भांडार शाखेत बत्तीस वर्षं काढली. ब्रेक लायनर असो की फिनेल, तीन कोटेशनं मागवायची, तुलनात्मक तक्ता मांडायचा आणि सर्वांत खालच्या दरावर टिक करायची, हे हाताला बसलेलं. म्हणूनच ताईने भाचीच्या लग्नाची माणसं ठरवायचं काम माझ्या गळ्यात घातलं. दाजींचे गुडघे दुखतात, भाची पुण्यात नोकरीला, आणि मी रिकामा. लग्न साताऱ्यात, शनिवार १४ डिसेंबर २०२४. माणसं साडेचारशे धरली. सोनं आणि बस्ता सोडून सहा लाखांत बसवायचं. वहीत होतं ते थोडं निस्तरून उतरवलंय. पुढच्या मोसमात ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांच्यासाठी.

२ जून, रविवार

डिसेंबरच्या तारखेला सहा महिने आहेत म्हणून निवांत होतो. चूक. यंदा शुक्र आणि गुरूच्या अस्तामुळे मे-जूनमध्ये मुहूर्त जवळजवळ नव्हतेच, त्यामुळे उन्हाळ्यातली बरीच लग्नं दिवाळीनंतर सरकलीत. आठ कार्यालयांना फोन केले, १४ तारीख फक्त तिघांकडे मोकळी.

तिन्ही पाहून आलो. पहिल्याचं भाडं ६० हजार, पण 'आचारी आमचाच'. बाहेरचा आणला तर ताटामागे ३० रुपये कार्यालयाला. साडेचारशे ताटांचे साडेतेरा हजार गुपचूप वाढले. दुसऱ्याचा जेवणाचा हॉल वरच्या मजल्यावर, लिफ्ट 'पुढच्या महिन्यात' सुरू होणार. आमच्याकडच्या निम्म्या आत्या-मावश्या जिना बघूनच परत फिरतील. तिसरं कोडोलीच्या बाजूला, भाडं ८५ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी १५,३००, अनामत २० हजार. वीज युनिटला २० रुपये, जनरेटर तासाला १,५००, सफाई ५ हजार. आचारी कुणीही आणा. ताबा १३ तारखेला दुपारी चारपासून दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत, म्हणजे हळदही तिथेच.

तिसरं घेतलं. भाड्याचा आकडा सगळे सांगतात, बाकीच्या ओळी विचाराव्या लागतात.

९ जून, रविवार

गुरुजी ठरले, दाजींच्या घरचेच. साहित्याची यादी त्यांनी लिहून दिली, अंतरपाट आणि मुंडावळ्या आमच्याकडे. विवाह नोंदणीच्या नमुना 'ड' वर पुरोहिताची सही आणि फोटो लागतो हे आत्ताच सांगून ठेवलं. माझ्या मुलाच्या वेळी गुरुजी लग्न लावून नाशिकला गेले ते दीड महिन्याने सापडले. नोंदणी ९० दिवसांत करायची असते, आमची अगदी काठावर झाली होती.

२३ जून, रविवार

आचाऱ्यांची तीन कोटेशनं आली. मेनू तिघांना एकच दिला: वरण-भात-तूप, मसालेभात, बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, काकडीची कोशिंबीर, पुरी, जिलेबी, मठ्ठा, पापड-कुरडई. टेबलावर पंगत, बुफे नाही. यावर ताई ठाम होती.

दर ३१०, ३६५ आणि ३८५. रीतसर तक्ता काढला आणि ३१० वाल्यावर टिक केली. त्याच संध्याकाळी २५ हजार विसार देऊन मोकळा झालो. दाजी म्हणाले, "एकदा खाऊन तरी बघायचं होतंत." मी म्हणालो, त्याच्या दुकानात चव घेतली, उत्तम होती.

दुकानात चार माणसांचा मसालेभात कुणालाही जमतो, हे तेव्हा सुचलं नाही.

१४ जुलै, रविवार

दाजींचं वाक्य डोक्यात राहिलं. पण चालू काम बघायचं कुठे? बुधवारी आषाढी, मग चातुर्मास, कार्तिकीपर्यंत लग्नं नाहीत. मधे जेमतेम आठवडाभर मुहूर्त होते, त्यातला आजचा शेवटचा रविवार. आमच्या आचाऱ्याचं आज गावात एक लग्न आहे असं कळलं. ओळख ना पाळख, इस्त्रीचा सदरा घातला, १०१ रुपयांचं पाकीट खिशात टाकलं आणि गेलो. पाकीट नवरदेवाच्या हातात दिलं. फुकट जेवलो नाही, हे नमूद करतो.

मुद्दाम शेवटच्या पंगतीला बसलो, पावणेतीनला. पुरी हातात घेतली तर वाकली, तुटेना. जिलेबी पाकात पडून पडून मऊ झालेली. मठ्ठ्यात मिरची तळाला आणि वर पाणी. सव्वाशे पानांना वाढपी नऊ, त्यातले दोघे खांबाला टेकून मोबाईलवर. शेजारचे आजोबा वरणाची वाट बघून कोरडा भातच कालवायला लागले. मागे भटारखान्यात डोकावलो. मालक नव्हताच. कढईवरच्या पोराने सांगितलं, शेठची आज तीन कामं आहेत, ते शिरवळला. हा पोरगा त्यांचा माणूससुद्धा नव्हता, दुसऱ्याकडून दिवसाच्या हजेरीवर आणलेला.

घरी येऊन तक्ता फाडला. ३१० चा दर त्याला परवडतो कसा, याचं उत्तर त्या पोराजवळ होतं.

१६ जुलै, मंगळवार

काम रद्द केलं. भांडण नको म्हणून थेट सांगितलं, दुसरीकडे ठरलंय. २५ हजारांतले १५ परत मिळाले, १० गेले. पावतीवर 'विसार परत मिळणार नाही' असं छापलेलं होतं, ते मी वाचलंही होतं. म्हणजे १५ मिळाले हेच जास्त.

ताईला अजून आकडा सांगितलेला नाही.

४ ऑगस्ट, रविवार

फोटोवाला. इथे भाची स्वतः पुण्याहून आली, कारण मोबाईलवरच्या अल्बममधलं मला काही कळत नाही. सगळ्यांचे फोटो सुंदरच असतात, दहा लग्नांतले दहा निवडलेले. मी एकच विचारलं: एखाद्या लग्नाचे सगळे फोटो, गाळलेले नव्हे, सकाळपासून बिदाईपर्यंत दाखवता का? एक म्हणाला, ग्राहकाच्या खासगीपणाचा प्रश्न आहे. दुसरा म्हणाला, हार्ड डिस्क गावाला आहे. तिसऱ्याने आपल्या चुलत भावाचंच लग्न उघडलं. त्यात मिटलेले डोळे होते, हललेले हात होते, पण अक्षता पडताना भावाच्या आईचा चेहराही होता. घाईत असा चेहरा ज्याला दिसतो तो आपल्याला हवा.

पुढचा प्रश्न, स्वतः येणार का? "आमची टीम येईल मामा, काळजीच करू नका." हे 'काळजीच करू नका' मी तोवर चौघांकडून ऐकलं होतं, त्यामुळे तिथेच काळजी सुरू केली. कागदावर त्याचं नाव लिहून घेतलं: १३ आणि १४ ला स्वतः हजर, दुसरा माणूस चालणार नाही. एकूण ८५ हजार. आज २५, लग्नाच्या दिवशी ४५, अल्बम हातात आल्यावर १५.

मेकअपवाली भाचीने निवडली. ट्रायलचे दीड हजार वेगळे. मी त्यात पडलो नाही, आणि तिथेच एक कलम राहून गेलं, ते पुढे येईलच.

१८ ऑगस्ट, रविवार

चातुर्मासात आचारी पारखायचा कसा? लग्नं नाहीत, पण माणसं मरतात. आमच्या आळीतल्या एका काकांचं तेरावं होतं, जेवण ३६५ वाल्याचं. गेलो. अशा जागी चव बघायला बसणं बरं नाही वाटत, तरी बसलो. भाजी साधीच, पण शेवटच्या पानापर्यंत गरम. तो स्वतः झारा घेऊन कढईसमोर. १४ डिसेंबरला किती कामं धरलीत, असं विचारल्यावर म्हणाला, "एकच धरतो. दोन धरली तर एक बायकोला सांभाळावं लागतं, आणि ती माझ्यापेक्षा कडक आहे."

तरी हे शंभर पानांचं काम. साडेचारशेला काय करतो ते बघायचं होतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

शेजारच्या गणपती मंडळाचा महाप्रसाद, सातशे माणूस, तोच आचारी. सव्वासातला पाऊस कोसळला. शेगड्या उघड्यावर, दोन विझल्या. मी छत्री धरून लांब उभा. त्याने आरडाओरडा केला नाही. पोरांनी टेम्पोवरची ताडपत्री ओढली, भाताचं पातेलं चौघांनी उचलून देवळाच्या ओवरीत नेलं, रांगेत उभ्या लोकांना आधी शिरा वाटायला लावला. भात पंचवीस मिनिटं उशिरा आला. खालून थोडा लागला होता, तेवढा खरवडून बाजूला ठेवला, वाढला नाही. कुणी उपाशी गेलं नाही.

लागलेला भात वेगळा काढताना पाहिला आणि माझं ठरलं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

करार केला, साध्या कागदावर दोन प्रती. ताट ३६५, हमी ४२५ ताटांची, वर जितकी लागतील तितकी त्याच दराने. वाढपी बावीस. शेवटच्या पंगतीची पुरी ताजी तळायची, हे ठळक अक्षरात. हळदीचं जेवण आणि सकाळचा उपमा-चहा वेगळे ४५ हजार.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

शुक्रवारी करार केला आणि शनिवारी, १४ तारखेपासून, केंद्राने खाद्यतेलाचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या तेलावर एकूण साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के, रिफाइंडवर पावणेचौदावरून पावणेछत्तीस. आज आचाऱ्याचा फोन: "मामा, तेल पेटलंय. ताटाला पंचवीस वाढवा." करारात 'दर बदलणार नाही' असं लिहायचं मी विसरलो होतो. बत्तीस वर्षं निविदांत ते कलम मीच टाइप करवून घ्यायचो.

त्याला घरी बोलावलं, चहा दिला आणि वही उघडली. साडेचारशे पानांना तेल किती? त्यानेच सांगितलं, पुऱ्या-जिलेबी धरून पंधरा लिटरचे चार डबे. म्हणजे साठ लिटर. आमच्या किराणावाल्याकडे लिटरमागे २५ रुपये चढले होते, म्हणजे दीड हजार. साडेचारशेने भागा, ताटाला साडेतीन रुपयेही होत नाहीत. तो हसायला लागला. लसूणही महाग आहे म्हणाला, ते खरंच होतं. पाच रुपये वाढवले, ताट ३७०, आणि या वेळी 'यापुढे बदल नाही' लिहून सही घेतली.

२० ऑक्टोबर, रविवार

मांडव आणि सजावट. १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि मांडववाले दिसेनासे झाले. खुर्च्या, स्टेज, जनरेटर, स्पीकर लावलेल्या रिक्षा, सगळं प्रचाराला. ज्याच्याकडे गेलो तो म्हणाला, मतदान २० नोव्हेंबरला, निकाल २३ ला, मोजमाप घ्यायला त्यानंतर येतो. तोवर नुसता शब्द.

दर ६५ हजार. कोटेशनवर 'फुलांची सजावट' एवढंच. कोणती फुलं, किती किलो, असं विचारल्यावर चेहरा बदलला. त्याच्या हिशेबात निम्मी कापडी होती. व्यासपीठाच्या चौकटीला आणि प्रवेशाच्या कमानीला झेंडू, शेवंती आणि निशिगंध, तिन्ही ताजी, बाकी कुठेही कापडी चालतील, असं किलोसकट लिहून घेतलं. १५ हजार विसार.

१० नोव्हेंबर, रविवार

पुण्याला बस्त्याला निघालो, १ लाख ८० हजार रोख. शिरवळजवळ निवडणूक तपासणीवाल्यांनी गाडी थांबवली. ५० हजारांवर रोकड असेल तर कागद दाखवावे लागतात, हे पेपरात वाचलं होतं, पण बँकेची स्लिप घरच्या कपाटात. भाच्याने तिचा फोटो पाठवला, लग्नपत्रिका सुदैवाने डिकीत होती. माणसं सभ्य होती, पण दीड तास गेला. आयोगाच्या माणसाने पत्रिका उलटसुलट बघून विचारलं, जेवण कुणाचं ठेवलंय? त्याच्या बहिणीचं फेब्रुवारीत होतं. नंबर दिला.

२४ नोव्हेंबर, रविवार

मांडववाला मोजमापाला आला, अंगावर गुलाल अजून. एसटीचीही सोय केली. पाटण भागातल्या पाहुण्यांसाठी एक गाडी प्रासंगिक करारावर. खासगी बस थोडी स्वस्त पडत होती, पण या एका बाबतीत मी तक्ता काढला नाही. घरचं कार्य आहे.

सनई-चौघड्याचे तिघे १२ हजारांत ठरले. हळदीला स्पीकर रात्री दहाला बंद, हे पोरांना आत्ताच सांगितलं.

८ डिसेंबर, रविवार

वादळानंतरची ढगाळ हवा आठवडाभर होती. मांडववाल्याचा फोन, निशिगंध मिळणं कठीण दिसतंय. खरं सांगितलं हे बरं. शेवंती वाढवा म्हणालो.

१४ डिसेंबर, शनिवार

पहाटे ५:१० ला कार्यालयाच्या मीटरचा फोटो काढला. काल ताबा घेताना काढलाच होता, तरी एक आणखी.

५:४५ ला मेकअपवाली आली, वेळेत. सव्वाआठला काम आटोपून पेटी बंद करायला लागली. नऊवारी? "ते पॅकेजमध्ये नाही हो, नेसवणारी वेगळी असते." हेच ते राहिलेलं कलम. भाचीच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं आणि दोन तासांचा मेकअप वाहून जायची वेळ आली. शेवटी दाजींच्या बहिणीने, भाचीच्या आत्याने, पदर खोचला आणि पंचवीस मिनिटांत नेसवली. काष्टा इतका चापून की भाची म्हणाली, आता धावताही येईल. त्या बाईंचं वय त्र्याहत्तर.

सजावटीत निशिगंध चौकटीपुरता होता, कमानीवर त्या जागी कापडी. बोललो नाही, फोटो काढून ठेवला.

साडेदहाला वीज गेली, ट्रान्सफॉर्मरचं काही काम निघालं. जनरेटर दोन तास चाळीस मिनिटं चालला, म्हणजे बिलात तीन तास. मुहूर्ताला, भाचीचा हात धरून मी बोहल्यावर नेत होतो तेव्हाही तो मागे धडधडत होता. मंगलाष्टकं त्याच्या तालावर झाली.

पंगती. इथे माझी शेवटची चूक. ताटं मोजायची व्यवस्था अशी केली होती की आधी पाचशे ताटं मोजून द्यायची आणि शेवटी कोरडी उरलेली वजा करायची. दुसऱ्या पंगतीनंतर बघतो तर भटारखान्यात धुतलेली ताटं पुसून पुन्हा ढिगावर. हिशेब बुडाला. मग प्रत्येक पंगतीच्या भरलेल्या खुर्च्या मोजल्या: १२०, १२०, ११८, ७१. बाकी सनईवाले, फोटोवाले, ड्रायव्हर, मांडवाची पोरं मिळून २६. ही २६ पानं आधी कुणी धरत नाही.

चौथ्या पंगतीला मी बसलो. पुरी फुगलेली, हाताला चटका बसला.

१५ डिसेंबर, रविवार

आचारी म्हणतो ४९८, माझी वही सांगते ४५५. तोंडी वाद अर्धा तास. ४६५ वर मिटलं, म्हणजे १,७२,०५०. दहा ताटं जास्तीची गेली हे मला माहीत आहे, आणि त्यालाही.

कार्यालयाने ३९० युनिट लावले. मीटरचे फोटो दाखवले, ३१२ निघाले. ६,२४० वीज, ४,५०० जनरेटर, ५ हजार सफाई कापून अनामतीतले ४,२६० परत. मांडववाल्याचे कमानीपायी ४ हजार कापले, तो काही बोलला नाही.

नमुना 'ड' वर गुरुजींची सही कालच, हात कोरडे व्हायच्या आत घेतली होती.

संध्याकाळी ताईला जुलैतल्या दहा हजारांचं सांगितलं. ती म्हणाली, दाजींनी ते केव्हाच सांगितलं होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

कबूल केले होते तीस दिवस, अल्बम आला पन्नासाव्या दिवशी. पाच फोन, दोन चकरा. राखून ठेवलेले १५ हजार नसते तर आणखी पन्नास लागले असते.

फोटो मात्र त्याने स्वतःच काढलेत, ते कळतं. नऊवारी नेसवणारी आत्या दाराच्या फटीतून टिपली आहे, तोंडात सेफ्टीपिना. माझा एकच मोठा फोटो आहे, बोहल्यावरचा नव्हे, भटारखान्याच्या दारातला. कानामागे पेन, हातात वही, समोर आचारी ओल्या ताटांचा ढीग धरून उभा, दोघांचीही तोंडं उघडी. मी म्हटलं, हा काढून टाका. भाची नको म्हणाली, आणि अल्बम तिचा आहे.

१५ हजार रोख दिले, पावती घेतली.